भंगारातल्या ओम्नीची दोन सीटची गाडी

२०१७ साली आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मी एक ओम्नी घरी आणली. मागचं दार गेलेलं, फरशी सडून खालची जमीन दिसत होती, पण पुढच्या पुलीला पाना लावून फिरवलं की इंजिन मोकळं फिरत होतं. त्या फिरण्याचेच मी २२,००० रुपये मोजले. आई ओट्यावरून उतरली, गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "हाई काय शे रे भाऊ?" मी म्हटलं, गाडी. "गाडी व्हती," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

त्या ओम्नीतून घडवलेली उघडी, बुटकी, दोन सीटची गाडी आज माझ्या केळीच्या बागेतल्या रस्त्यावर चालते. सात वर्षं लागली. मी चोपडा तालुक्यातला शेतकरी. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चार वर्षं जळगावच्या एमआयडीसीत नोकरी केली आणि मग शेती हातात घेतली. गाडीचं काम झालं ते गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शेतीतून उरेल त्या वेळात. केळीची कापणी लागली की दोन-दोन महिने शेडला कुलूप.

कल्पना जुनी आहे. १९५७ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांनी लोटस सेव्हन काढली: पाइपांचा सांगाडा, वर पातळ पत्रा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना जोर, दोन माणसांची जागा, बाकी काही नाही. ती सुट्या भागांतही विकत मिळायची आणि लोक घरी जोडायचे. तेव्हापासून त्या धर्तीची गाडी घरी बनवणारे जगभर आहेत. आपल्याकडे ती कशातून बनवायची, हा खरा प्रश्न. स्वस्तात मिळणारी मारुती ८०० कामाची नाही, कारण तिचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढते. ओम्नीत तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं. त्याला मागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट म्हणजे जोर मागे नेणारा लांब दांडा, मग मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरची हाउसिंग. एवढं सामान एका ओळीत आयतं मिळणारी स्वस्त गाडी मला दुसरी दिसली नाही.

कायद्याचं आधीच सांगतो, कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक तरुण पहिल्यांदा तेच विचारतो. अशी गाडी आपल्याकडे रस्त्यावर आणता येत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायची नाही, आणि नोंदणीसाठी गाडीच्या नमुन्याला गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते. ती व्यवस्था कारखान्यांसाठी आहे. इंग्लंडमध्ये घरी बनवलेली एकुलती एक गाडीसुद्धा तपासून तिला नंबर देतात, तशी सोय इथे नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. ती होईपर्यंत माझी गाडी माझ्या शेताचं फाटक ओलांडत नाही. ओम्नी घेतानाच तिची नोंदणी रीतसर रद्द झाल्याचा कागद मी मागून घेतला होता. भंगारातली गाडी घेताना त्या कागदाशिवाय व्यवहार करू नका, उद्या तिच्या नंबरावर काही निघालं तर निस्तरणं जड जातं.

पहिलं वर्ष मोजण्यात गेलं आणि दुसरं वर्ष ते मोजमाप चुकल्याचं कळण्यात. सांगाड्याला २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप घेतला, १६ गेजचा. त्याआधी सपाट बैठक हवी, म्हणून दोन लांब चॅनेल जमिनीवर टाकले आणि गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने लेव्हल केले. पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी, मध्ये बुडबुडा राहू द्यायचा नाही. तीन मीटरच्या अंतरात एक मिलिमीटरचा फरक ती नळी दाखवते. एवढी भरवशाची लेव्हल मला दुकानात हजारो रुपये देऊन घ्यावी लागली असती.

मग एका रात्री मी वरची सगळी चौकट सलग वेल्ड करून टाकली. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती, हात बसला होता, थांबवेना. सकाळी दोन्ही कर्ण मोजले तर १४ मिलिमीटरचा फरक. संध्याकाळी जुळवताना चौकट काटकोनात होती, सकाळी ती पतंगासारखी झाली होती. वेल्डिंगचं वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि जिकडे वेल्ड मारलं तिकडे पाइपाला ओढतं. एका बाजूने सुरू करून सलग मारत गेलं की ते ओढणं साठत जातं. नऊ जोड ग्राइंडरने कापले. ग्राइंडरची पाती किती झिजली ते मोजलं नाही, पण ते दोन दिवस मला आजही आठवतात. दुसऱ्या खेपेला आधी सगळ्या सांगाड्याला फक्त टाके मारले, प्रत्येक जोडाला दोन. मग एक जोड या कोपऱ्याचा, पुढचा त्याच्या समोरच्या कोपऱ्याचा, प्रत्येक वेळी बोटभर वेल्ड, आणि हाताला सोसेल इतकं गार होईपर्यंत थांबायचं. तीन आठवडे लागले. फरक दोन मिलिमीटरवर आला.

यात आपल्या खान्देशच्या उन्हाचाही एक हिशेब आहे. लोखंड दर मीटरला, दर अंशाला मिलिमीटरच्या एक हजार भागांतले बारा भाग वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण मे महिन्यात शेडच्या दाराशी उन्हात पडलेला पाइप सकाळच्यापेक्षा पस्तीस अंशांनी तापतो, हात लावता येत नाही. तीन मीटरचा पाइप मग सव्वा मिलिमीटरने लांबतो. अर्धा सांगाडा सावलीत आणि अर्धा उन्हात असला की तो चक्क वाकतो. मी पंधरा दिवस एका कर्णाच्या मागे लागलो होतो, तो रोज वेगळा यायचा. सकाळी बरोबर, दुपारी चूक. शेवटी कळलं की दुपारी दारातून येणारं ऊन एकाच बाजूच्या पाइपावर पडत होतं. तेव्हापासून मोजायचं ते सकाळी सातच्या आत, हे माझ्या शेडमध्ये ठरून गेलं.

सांगाडा उभा राहिला तेव्हा इंजिनीअरिंगला असलेला माझा पुतण्या सुटीवर आला होता. कॉलेजांची बाहा म्हणून स्पर्धा असते, मुलं स्वतः छोटी गाडी बनवून मध्य प्रदेशात पीथमपूरला नेतात, त्यासाठी त्याच्या टीमने गाडी बनवली होती. तो म्हणाला, "काका, इंजिन बसवायच्या आधी पिळून बघा." गाडीचा सांगाडा वाकतो कमी, पिळतो जास्त. एक चाक खड्ड्यात गेलं आणि बाकीची तीन वर राहिली की ओला टॉवेल पिळावा तसा तो पिळतो, आणि मग चाकं कुठे रोखून आहेत त्याला अर्थ राहत नाही.

मग आम्ही असं केलं. सांगाड्याची मागची बाजू शेडच्या खांबांना पक्की जखडली. पुढची बाजू मधोमध एका आडव्या गोल पाइपावर टेकवली, म्हणजे ती दोन्हीकडे कलू शकेल. पुढे आडवा अँगल बांधला आणि मध्यापासून बरोबर एक मीटरवर युरियाची ४५ किलोची गोणी टांगली. अँगलच्या टोकाला ओळंबा, ओळंब्यामागे भिंतीला पट्टी. टोक ३१ मिलिमीटर खाली आलं. गोणी काढली की परत वर. माझ्या डोळ्यासमोर, मी दोन वर्षं खपून केलेला सांगाडा दाराच्या बिजागरीसारखा हलत होता.

पुतण्या वर बघून हसला. शेडच्या छताला कैच्या आहेत, प्रत्येक कैचीत तिरपे अँगल, सगळे त्रिकोण. खाली मी मात्र इंजिनच्या जागेभोवती नुसते चौकोन करून ठेवले होते, कारण इंजिन उतरवायला जागा हवी होती. चौकोन कोपऱ्यांवर ढकलला की तिरका होतो, त्रिकोणाला तसं होताच येत नाही. इंजिनच्या दोन्ही अंगांना तिरपे पाइप घातले, वरचा एक बोल्टने काढता येईल असा. तीच गोणी, तीच पट्टी, १२ मिलिमीटर. पुढे तळाचा पत्रा आणि मधल्या बोगद्याचा पत्रा रिव्हेट केल्यावर ८. वजन वाढलं पाच-सहा किलो, सांगाडा जवळजवळ चौपट ताठ झाला. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असेल तर त्या भिंतीवरच्या पट्टीचा. ती अजून तिथेच आहे, तीन खुणा पेनाने केलेल्या.

इंजिनचं फार सांगण्यासारखं नाही. रिंगा, बेअरिंग, टायमिंग बेल्ट, हेडचं गॅस्केट, कार्बोरेटर साफ. हे इंजिन खान्देशातल्या कुठल्याही गावचा मिस्त्री डोळे मिटून खोलतो आणि त्याचे पार्ट अजून मिळतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये वेल्डिंग रॉड संपले, आणायला बंदी, तेव्हा ते बाकावर घेऊन पूर्ण केलं.

प्रोपेलर शाफ्ट मात्र घरी केला नाही. इंजिन आणि हाउसिंगमधलं अंतर बदललं की शाफ्टची लांबी बदलते, आणि तो मिनिटाला हजारो फेरे मारतो. जरा आस चुकला की सगळी गाडी थरथरते, वेगात तुटला तर पायाशी तुटतो. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याला ट्रकचे शाफ्ट करणारी दुकानं आहेत, तिथे कापून, जोडून, बॅलन्स करून आणला. स्टिअरिंगचा रॅक, चाक ज्यावर वळतं ते नकल, ब्रेक, मास्टर सिलिंडर यांनाही मी कापाकापी केली नाही, जसेच्या तसे ओम्नीचे. पुढचे स्ट्रट, म्हणजे चाकांवरचे स्प्रिंगचे खांब, उंच आहेत म्हणून बॉनेटला दोन बाजूंना दोन उंचवटे आले. मला कुणी कुणी सुचवलं की स्ट्रट कापून बुटके करा, दिसायला बरं. ज्या तुकड्यावर चाक उभं आहे तो तुकडा मी कापणार नाही. माझी चौदा वर्षांची मुलगी त्या गाडीत शेजारी बसते.

ओम्नीत ड्रायव्हर अगदी पुढे बसतो, स्टिअरिंगचा दांडा जवळजवळ उभा. माझ्या गाडीत बसायची जागा मागे गेली, म्हणून दांडा लांब आणि दोन ठिकाणी वळवून न्यावा लागला. प्रत्येक वळणाला एक क्रॉस, म्हणजे कोनातही फिरणारा सांधा. लेथवाल्या आबांनी मधला तुकडा वेल्ड न करता स्प्लाइनवर, म्हणजे दांड्यावरच्या लांबट खाचांत, बसेल असा करून दिला, वर आरपार बोल्ट. वेल्ड नकोच असं त्यांनीच सांगितलं होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये गाडी पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर शेडबाहेर आली. सीट नव्हत्या, पोत्यावर बसलो. विहिरीपर्यंत गेलो, वळवली, आणि लगेच जाणवलं की काहीतरी बरोबर नाही. स्टिअरिंग फिरवताना ते जड व्हायचं, मग हलकं, मग पुन्हा जड. एका पूर्ण फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं. रॅक खोलला, काही नाही. बुश बदलले, तेच. टायरची हवा, चाकांची जुळणी, सगळं बघून झालं. महिना गेला.

एका सकाळी आमच्या ट्रॅक्टरवरचे दादा डिझेल मागायला शेडमध्ये आले. गाडीच्या पुढ्यात वाकून बघत म्हणाले, "भाऊ, तुमचे फोक आडवे-उभे का लावलेत?" मला कळलं नाही. ते मला हाताला धरून बाहेर रोटाव्हेटरपाशी घेऊन गेले आणि ट्रॅक्टरपासून रोटाव्हेटरला जाणारा शाफ्ट दाखवला. दोन टोकांना दोन क्रॉस, आणि मधल्या दांड्याचे दोन्ही काटे, म्हणजेच फोक, एका रेषेत. "हे एका रेषेत नसले तर रोटर झटके मारतो, गिअर खातो. स्प्लाइनवर चढवताना पोरं चुकतात, मीच किती वेळा शिव्या दिल्यात."

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एका बाजूने सारख्या वेगाने फिरवलं तरी दुसरी बाजू फेऱ्यात दोनदा पुढे धावते, दोनदा मागे पडते. दोन क्रॉस असले आणि मधल्या दांड्याचे काटे एका रेषेत असले की पहिल्याची चूक दुसरा भरून काढतो, मात्र दोन्हींचे कोन सारखे हवेत. काटे नव्वद अंशांनी चुकले की चूक भरून निघण्याऐवजी दुप्पट होते. हे मी डिप्लोमाला लिहून पास झालो होतो. स्वतःच्या हाताने जोडताना ते मला दिसलं नाही. दादांना दिसलं, कारण त्यांनी ते पंधरा हंगाम हाताने चढवलं-उतरवलं आहे. बोल्ट काढला, मधला तुकडा स्प्लाइनवरून उपसला, पाव फेरा फिरवून परत बसवला. अर्धा तास. स्टिअरिंग लोण्यासारखं.

दादांना मी त्या दिवशी गाडीत बसवून बागेला पूर्ण फेरी मारली. त्यांनी दोन्ही हातांनी सांगाड्याचा पाइप धरला होता आणि उतरल्यावर म्हणाले, "फोक आता बरोबर बोलतात."

गिअरचंही थोडं तसंच झालं. लिव्हर गिअरबॉक्सच्या पुढून मागे आली, तर पहिला गिअर पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढावा लागे. सळई लिव्हरच्या खिळीच्या खाली जोडली होती, ती वर जोडली की दिशा उलटली. मे महिन्यात गाडी तापायची तेही लवकर सापडलं: बॉनेट बुटकं, त्यामुळे रेडिएटरचं तोंड इंजिनच्या वरच्या होजपेक्षा खाली आलं होतं आणि हवा इंजिनमध्येच अडकून राहायची. सगळ्यांत उंच जागी एक छोटी टाकी बसवली आणि पाणी तिथून भरलं. ४४ अंशांत अर्धा तास उभी चालू ठेवली, काटा मध्यावर.

पत्र्याचं काम आलं तेव्हा मी जळगावला बॉडीबिल्डरांकडे विचारून आलो. आकडे ऐकून परत आलो आणि गावातल्या कूलरवाल्या नानांकडे गेलो. आमच्याकडे उन्हाळा असा की कूलर बनवणारा गावोगावी असतो, आणि त्याच्याकडे पत्रा वाकवायचं मशीन, कापायचं मशीन, रिव्हेट, सगळं असतं. होळीपासून मृगापर्यंत नाना मान वर करत नाहीत. श्रावणात मात्र दुकान रिकामं. दोन श्रावण नाना माझ्या शेडमध्ये होते.

सरळ पत्रे झटपट झाले. अडचण होती ती नाकाची आणि चाकांवरच्या मडगार्डची, दोन्ही गोलाकार. पातळ पत्र्याची कड मोकळी राहिली की ती थरथरते, चिरते, हाताला कापते. नानांनी काय केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. कडेला आधी एक रेघ मारली, तारेच्या जाडीच्या साधारण अडीच पट आत. त्या रेघेवर पत्रा लाकडी ठोकळ्यावर धरून हलक्या हाताने काटकोनात वळवला. एकदम वळवायचा नाही, सगळ्या कडेला थोडा थोडा, पुन्हा पहिल्यापासून थोडा. मग त्या खोबणीत आठ गेजची तार ठेवली आणि पत्रा तिच्यावर लपेटत आणला, हातोडीचा ठोका तारेवर कधी नाही, तारेच्या मागे. शेवटी पकडीने चिमटे घेत मिटवून टाकला. बोट फिरवलं तर गुळगुळीत गोल काठ, वाकता वाकेना. धान्याच्या कोठीच्या तोंडाला, पाण्याच्या बादलीला हाच काठ असतो. जुन्या काळच्या मोटारींच्या मडगार्डांनाही हाच असायचा. नानांनी मोटारीचं मडगार्ड आयुष्यात पहिल्यांदाच बनवलं, पण काठ त्यांनी हजारो वळले आहेत.

या वर्षी आषाढात गाडी ट्रॉलीत घालून केळीच्या ट्रकांचा काटा आहे तिथे नेली. आवारातच उतरवून ढकलत काट्यावर घेतली. आधी फक्त पुढची चाकं: २६५ किलो. मग फक्त मागची: २५५. एकूण ५२०, ओम्नीपेक्षा जवळजवळ अडीचशे किलो हलकी. काटेवाल्याने पावती दिली, वाहन क्रमांकाच्या जागी रेघ. ती मी खर्चाच्या वहीत चिकटवली आहे. वहीतली बेरीज हत्यारं सोडून १,८७,००० रुपये आहे.

वजनाच्या आकड्यांनी एक काम वाढवलं. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगची पानं, ओम्नीच्या भरलेल्या गाडीसाठी आहेत, एवढ्या हलक्या गाडीला ते फार कडक. एक पान काढलंय, बांधावरून अजून उडते. दुसरं काढायचं, पण मुख्य पानाच्या खालचं ठेवून, कारण मुख्य पान तुटलं तर हाउसिंगला धरून ठेवणारं तेच.

रंग अजून दिलेला नाही. मी गेल्या दिवाळीत द्यायला निघालो होतो, नानांनी थांबवलं. नव्या जस्ती पत्र्यावर रंग धरत नाही, वर्षात पापुद्रे निघतात. एक पावसाळा उघड्यावर राहू दे, चकाकी जाऊ दे, मग प्रायमर. तो पावसाळा आता झाला. पत्रा राखाडी पडलाय, नखाने ओरखडलं तर नख अडतं, सरकत नाही. प्रायमरचे दोन डबे शेडमध्ये आणून ठेवलेत, कापणी उरकली की उघडायचे. नाना म्हणालेत, त्या दिवशी मला बोलवा, काठांना ब्रश मीच लावणार.